बिनखुर्चीच्या वकीलबाई

"काय करून राहिली वं?"

वकील झाल्यावर मला विचारला गेलेला पहिला प्रश्न हा. अमरावतीहून नवीकोरी सनद घेऊन मी अकोल्याला ज्युनियर म्हणून आले होते. पहिलाच दिवस. ऑफिसभर शोधूनही खुर्ची सापडली नाही, म्हणून भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि मांडीवर फाईल घेऊन वाचायला लागले. मान वर करून म्हटलं, "विचार करतेय मॅडम."

"बसून?"

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की मी देवघरात चपला घालून बसलेय की काय, असं मला वाटलं. मी उठले, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या ऑफिसात काही मी बसले नाही.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या बाजूच्या एका गल्लीत ते ऑफिस. पूर्वी तिथे सरकी-ढेपेचं दुकान होतं, त्यामुळे खोली चांगली लांबलचक, पुढे फरशीचं अंगण, आणि पावसाळ्यात अजूनही ढेपेचा वास. मॅडमचं टेबल विटांवर चढवून छातीएवढं उंच केलेलं. त्याच्यापाशी उभं राहूनच लिहायचं. बाहेर ओसरीवर मात्र अशिलांसाठी छान पाठीचा बाक होता. मी एकदा चिडून म्हटलं, अशील बसतात ते चालतं का. तर म्हणाल्या, "त्याइले बसू दे. त्याइचा इचार आपल्याले कराचा हाये."

बारमध्ये त्यांना 'बिनखुर्चीच्या वकीलबाई' म्हणत. काहीजण 'सटकलेल्या' असंही म्हणत, पण त्यांच्या विरुद्ध केस आली की हेच लोक आधी तारीख मागत. बाई ठेंगण्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीवर कॅनव्हासचे बूट. कोर्टात शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या की ठार वऱ्हाडी. त्यांचा सगळा सिद्धांत एका वाक्यात मावायचा, आणि ते वाक्य मी दिवसातून निदान एकदा ऐकायचेच: "डोक्याले एकटं नको सोडू पोरी. एकटं डोकं लय फेकते."

म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली असायची. केस आली की तिच्यातली एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची आणि चिमट्यानं दोरीवर लटकवायची. मग आम्ही दोघी त्या चिठ्ठ्यांखालून वाकून ये-जा करायचो, ही इकडे सरकव, ती तिकडे, हिच्या शेजारी ती ठेवून बघ. याला त्या 'केस वाळत घालणं' म्हणायच्या. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटला. माझं पाठांतर जबर होतं, अख्खी कलमं तोंडपाठ, मला दोरी कशाला लागते? पण एकदा दोन चिठ्ठ्या वाऱ्यानं एकमेकींवर येऊन आपटल्या आणि मला दिसलं की साक्षीदार ज्या वेळी बाजारात होता म्हणतो त्याच वेळी तो लग्नातही जेवत होता. आठवडाभर हे माझ्या डोक्यात असूनही मला दिसलं नव्हतं. मी ओरडलेच. मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दोरीला प्रेमानं थोपटलं.

उलटतपासणीची तयारी करताना हातात काम पाहिजे. शेंगा सोलायच्या नाहीतर ज्वारी निवडायची. हात चालू असले की तोंड फालतू बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला खरंच वाटतं की माझे चांगले प्रश्न तुरीच्या शेंगांमधूनच निघाले आहेत. चालण्याचंही मोजमाप ठरलेलं. प्रश्न लहान असेल तर पानठेल्यापर्यंत जाऊन यायचं. मोठा असेल तर मोर्णेचा पूल पार. आम्ही दोघी पुलाकडे निघालो की गल्लीतले लोक म्हणायचे, आज कोणाची तरी मोठी भानगड दिसते.

आणि इस्त्रीवाला. ऑफिससमोर त्याची गाडी. युक्तिवाद तयार झाला की मॅडम आधी त्याला ऐकवायच्या. तो मान खाली घालून शर्टावर इस्त्री फिरवत ऐकायचा. इस्त्री चालूच राहिली तर युक्तिवाद नापास, परत अंगणात. इस्त्री मधेच थांबली तर मुद्दा पास. एकदा मॅडमनी असा काही मुद्दा काढला की इस्त्री थांबली ती थांबलीच, आणि कोणाच्या तरी लग्नाच्या शर्टाची कॉलर जळाली. कॉलरचे पैसे मॅडमनी आनंदानं भरले आणि वर त्याला चहा पाजला.

पण मला सगळ्यात आवडायचं ते भांडण. प्रत्येक केसमध्ये मी समोरच्या पक्षाचा वकील व्हायचं आणि मॅडमना हरवायला जिवापाड भांडायचं. नाटक चालायचं नाही. मी मवाळ झाले की त्या म्हणायच्या, "तू मायी लाज ठेवून राहिली का? तो तिकडचा ठेवणार हाये का?" आणि ज्या दिवशी मी खरोखर त्यांना गप्प करेन त्या दिवशी कचोरी. गरम, तळलेल्या मिरचीसकट. हरल्यावर इतकी खुश होणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तर ही झेंडूची केस.

मूर्तिजापूरकडच्या एका गावातली बाई आली. तिशी-बत्तिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला धीट. नवरा पुण्याकडे कंपनीत, सासू आदल्या वर्षी वारलेली, वावर हिच्या एकटीच्या अंगावर. वावरात झेंडू. नवरात्र तोंडावर आलेलं आणि झेंडू असा फुललेला की ती सांगताना हात पसरून सांगत होती. फुलं टोपल्यात भरायची, डोक्यावर घ्यायची आणि शेजाऱ्याच्या धुऱ्याच्या कडेकडेनं डांबरी रस्त्यापर्यंत आणायची, तिथे ऑटो. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तिची सासूही याच वाटेनं यायची. शेजाऱ्यानं यंदा सोयाबीन काढलं, आणि हरभऱ्यासाठी नांगरताना ती वाटही नांगरून टाकली. वर तोंडाशी बोरी-बाभळीचे काटे रचले.

"तो म्हणते, वावर विकून टाक मले," ती म्हणाली. "बाई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूले कुत्रं इचारत नाई. येवढं साल गेलं तं मले विकाच लागन."

म्हणजे दसऱ्याच्या आत वाट मोकळी झाली पाहिजे, नाहीतर वावर गेलं. आम्ही तहसीलदारांकडे अर्ज टाकला. जागेची पाहणी नवरात्रातच ठरली. शेजाऱ्याचं उत्तर छोटंसं होतं: इथून कधी वाट नव्हतीच, ही बाई नाल्याच्या काठानं जाते.

अंगणात आम्ही भांडायला उभ्या राहिलो. मी शेजाऱ्याची वकील. म्हटलं, "मॅडम, वाट दाखवा. नकाशात नाही. सातबाऱ्यावर नाही. जमिनीवर तर नांगरट आहे. गावात शेजाऱ्याविरुद्ध बोलायला साक्षीदार तयार नाही. मग तुमची वाट आहे कुठे?"

मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं. पानठेल्यापर्यंत जाऊन आल्या. परत तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाल्या, "जाय, कचोऱ्या आण."

मला ती कचोरी गोड लागली नाही. माझी पहिलीच कचोरी होती ती, आणि ती बाई बाकावर बसून आमच्या तोंडाकडे बघत होती.

मग मॅडमनी तिलाच विचारायला घेतलं. वाट कशी जाते, कुठे वळते, काय काय लागतं. ती बसल्या बसल्या सांगायची आणि दर वेळी वेगळंच सांगायची. कधी आधी बाभूळ मग विहीर, कधी आधी विहीर. मला घाम फुटला. तहसीलदारांसमोर अशी गडबडली तर आटोपलं. मीही जरा आवाज चढवून म्हटलं, "अहो, रोज जाता ना तुम्ही?" ती बिचारी रडकुंडीला आली.

मॅडम एकदम उभ्या जागी वळल्या आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "तिले बसवलं कोनं? मीच ना? उठ माय, उठ."

पुढचा अर्धा तास अंगणात जे चाललं ते बघायला गल्लीतली माणसं गोळा झाली. सुतळीनं धुरा आखला. उलटी बादली म्हणजे विहीर, धुण्याचा दगड म्हणजे तिचं वावर, तुळस म्हणजे डांबरी रस्ता. शेजारणीकडून टोपलं आणलं, त्यात आमची कायद्याची जाड पुस्तकं भरली, बाईच्या डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली आणि दोघींनी मिळून टोपलं तिच्या डोक्यावर चढवलं. "आता बोलू नको," मॅडम म्हणाल्या. "फक्त रस्त्यापर्यंत चाल."

ती चालायला लागली आणि काय सांगू, बाई बदललीच. मान ताठ, एक हात टोपल्याला, दुसरा पदराला, पावलं भराभर. बादली कुठे हवी ते तिनं पायानंच सरकवून दाखवलं. सुतळी कुठे वाकडी हवी ते सांगितलं. आणि मग अर्ध्या वाटेवर, जिथे आम्ही काहीच ठेवलं नव्हतं, तिथे ती थांबली. डावा खांदा बाहेर काढून तिरपी उभी राहिली.

"काहून थांबली वं?"

"काई नाई बाई. सवय."

"कायची सवय?"

तिनं जरा विचार केला. "ओझं ठिवाची. गोटे हायेत ना तठी. रचेल. छातीयेवढे. तठी दम घेऊन मंग पुढं."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि मी मॅडमकडे. रस्ता नाही तिथे ओझं टेकवायला छातीएवढे दगड कोण रचून ठेवतं? रस्त्याच्या पलीकडे इस्त्री थांबली होती.

दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून आम्ही मूर्तिजापूरकडे निघालो. माझा आनंद नुसता उतू चालला होता. मॅडम स्कूटर चालवताना मागे वळून वळून बोलत होत्या आणि मी जीव मुठीत धरून हो हो करत होते. गाव आलं, वावर आलं, लांबून झेंडूचा केशरी पट्टा दिसला. धुराही दिसला. आणि जिथे दगड असायला हवे तिथे सोयाबीनच्या कुटाराचा हा मोठा ढीग. मळणी करून उरलेला सगळा भुसा शेजाऱ्यानं नेमका तिथेच ओतला होता. खाली दगड आहेत, की त्यानं आधीच काढून फेकले, कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्याच्या कुटाराला हात लावायची सोय नाही. फुलवाली म्हणाली, "गोटे नसन तठी तं?"

त्या दिवशी अकोल्याला आल्यावर आम्ही पूल पार केला, परत आलो, परत पार केला.

पाहणीच्या दिवशी ऊन कडक होतं. तहसीलदार तरुण होते, रुमालानं मान पुसत होते, आणि त्यांना पुढे आणखी दोन गावं करायची होती. शेजारी पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून, अगदी गरीब चेहरा करून उभा. त्याची म्हातारी आई बाभळीखाली बसून हे सगळं बघत होती. आम्ही मात्र फुलांनी शिगोशीग भरलेलं टोपलं घेऊन हजर.

तहसीलदार म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा."

"माझं काहीच म्हणणं नाही, साहेब," मॅडम शुद्ध मराठीत म्हणाल्या. "माझ्या अशिलाला टोपलं घेऊन एकदा या धुऱ्यावरून चालू द्या. आपण फक्त मागून या."

फुलवाली निघाली. डोक्यावर टोपलं असलं की खाली बघता येत नाही, तरी तिचा पाय कुठे अडखळला नाही. आम्ही सगळे बूट सांभाळत मागे धडपडत होतो, तहसीलदारांचा एक पाय नांगरटीत गेलाही. ती कुटाराच्या ढिगापाशी आली आणि थांबली. डावा खांदा बाहेर काढून तिरपी उभी राहिली, अंगणातल्यासारखीच.

"साहेब, इथे काहीतरी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी ते पाहिलेलं नाही. पण हिच्या खांद्याला ते माहीत आहे. कुटार बाजूला करायला सांगा."

शेजाऱ्यानं खूप आढेवेढे घेतले. तहसीलदारांनी शेवटी हुकूमच केला. फावडी चालली. मी मॅडमचा दंड घट्ट धरला. भुसा उडाला, आणखी उडाला, आणि खालून काळा दगड निघाला. मग दुसरा. छातीएवढा नीट रचलेला ओटा, वरचा दगड झिजून झिजून गुळगुळीत झालेला.

"हे आमचं म्हशी बांधाचं हाये साहेब," शेजारी पटकन म्हणाला.

झालं. म्हशी बांधायचं म्हटलं की म्हशी बांधायचं, कोण नाही म्हणणार? तहसीलदार विचारात पडले. मी कलमं सांगायला लागले, शेजारी मधे बोलायला लागला, त्याचा भाऊ बोलायला लागला, सगळ्यांचा एकच गलका. मॅडम मात्र चार पावलं मागे जाऊन, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. आणि या सगळ्यात ती फुलवाली टोपलं डोक्यावर घेऊन तशीच उन्हात उभी. तिची मान कापायला लागली होती. भांडणाऱ्यांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

बाभळीखालून म्हातारी उठली. कोणाला काही न विचारता, पोरावर खेकसत आली. "अरे पोट्टेहो, भांडून काय राहिले? तिच्या डोक्यावर ओझं हाये ना." तिनं टोपल्याला हात लावला. "ये माय. डावीकडून. डावीकडून." फुलवालीनं गुडघा किंचित वाकवला, म्हातारीनं काठ धरला, आणि ते एवढं मोठं टोपलं दगडांवर असं अलगद येऊन टेकलं की एक फूल खाली पडलं नाही. वरच्या दगडाच्या मधोमध, नेमकं.



तहसीलदारांनी हळूच विचारलं, "आजी, हे तुम्ही नेहमी करता?"

"आता बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवाले इचारा लागते का?" म्हातारी म्हणाली. "हिची सासू अन् मी संगच जाओ बाजाराले. ते माया टोपल्याले हात लावे, मी तिच्या." मग तिनं पोराकडे पाहिलं. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं असावं, पण तिनं शब्द मागे घेतले नाहीत. तिथेच दगडाला टेकून उभी राहिली.

काटे त्याच दिवशी निघाले. हुकूम मागाहून आला, तो आम्ही इस्त्रीवाल्याला वाचून दाखवला. फुलवालीचा झेंडू दसऱ्याच्या आत अकोल्याला पोचला, आणि तिनं ऑफिसच्या दाराला एवढं जाड तोरण बांधलं की आत शिरताना वाकावं लागे.

पाहणीहून परतताना मी मॅडमना विचारलं होतं, "तुम्हाला माहीत होतं का म्हातारी येईल?"

"मले कसं मालूम असन?"

"मग तुम्ही मागे का सरकलात? तुम्हीच का नाही उतरवलं टोपलं?"

"मी उतरवलं असतं तं नुसतं वकिलानं उतरवलं असतं, त्याची साक्ष कायची?" त्या म्हणाल्या. "तठी उभं राहाले जागा ठेवली. कोनी ना कोनी येतेच. तू मातर कलमं म्हनत बसली." एवढं बोलून त्यांनी स्कूटर एका खड्ड्यातून अशी काढली की मी पुढचं विचारायचं विसरले.

आता मी अमरावतीत माझं स्वतःचं ऑफिस चालवते. माझ्याकडे खुर्च्या आहेत, लोक काय म्हणतील म्हणून. पण अडले की मी उठते, मागच्या खोलीत जाते, तिथे दोरी आहे. तरीही सुटलं नाही तर मॅडमना फोन लावते. त्या 'हॅलो' म्हणत नाहीत. "उभी हायेस ना?" एवढंच विचारतात.

दर वर्षी दसऱ्याच्या आधी मॅडम त्या वावरात जातात आणि फुलांचं पहिलं टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन निघतात. वकीलबाई, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर झेंडू. मी मागे. अर्ध्या वाटेत म्हातारी दगडांपाशी उभी असायची, हात लावायची, मॅडमच्या चालीला नावं ठेवायची. शेजारी मात्र आम्ही दिसलो की वावराच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचा. इतक्या वर्षांत एक शब्द नाही.

यंदा म्हातारी नव्हती. उन्हाळ्यातच गेली. आम्हाला माहीत होतं, तरी धुऱ्यावरून चालताना मी दगडांकडे बघतच होते. मॅडम तिथे पोचल्या, डावा खांदा काढून तिरप्या उभ्या राहिल्या. वय झालंय आता, मान लगेच कापायला लागली. फुलवाली मागे तिच्या टोपल्यासह, तिचे हात अडकलेले. मी धावतच पुढे झाले.

"थांब," मॅडम टोपल्याखालून म्हणाल्या.

"अहो मॅडम, पडाल."

"थांब म्हनलं ना."

मी थांबले. चार पावलं मागेही सरकले. वावराच्या दुसऱ्या टोकाला शेजारी पाठमोरा उभा होता. त्यानं एकदा वळून पाहिलं, परत तोंड फिरवलं. परत पाहिलं. मॅडमनी टोपलं तसंच धरून ठेवलं. मग तो निघाला. नांगरटीतून ढेकळं तुडवत, सदऱ्याला हात पुसत, सरळ दगडांपाशी आला. आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही. टोपल्याचा काठ धरला आणि अडखळला.

"डावीकडून ना?" त्यानं विचारलं.

"हाव बापा," मॅडम म्हणाल्या. "डावीकडूनच."